अळणी

"समुद्र तिच्यासाठी बाटलीत भरून आणीन गा, त्यात काय एवढं!" शरच्चंद्र फोनवर म्हणाले, तेव्हा देवकी शिडीच्या चौथ्या पायरीवर होती. एका हातात तर्रीपोह्यांची ताटली, काखेत चहाचा थर्मास, दुसऱ्या हाताने शिडी धरलेली. फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता. गेली दहा-बारा वर्षं तो स्पीकरवरच असायचा, कारण कानाला लावलेल्या फोनातली माणसं कुजबुजल्यासारखी वाटतात आणि कुजबुजणारी माणसं आपल्याला आवडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे पलीकडे त्यांचा मित्र सुमंत हसला तेही तिला ऐकू आलं. "अन् वहिनींना सांगितलं का तू?" सुमंतने विचारलं. "बारानंतर सांगीन. आत्ता मौन चालू आहे बाईसाहेबांचं. खरं तर आत्ताच सांगायला पाहिजे, भांडणार कशी?" दोघंही हसले. "तू ये निवांत. तिची जागा तुझी. ती साधी ऑटोत बसली तरी ओकते, तिला लाटेवर कुठे नेतो!" एवढ्यात बोटीच्या कठड्यावर तिचं डोकं उगवलेलं त्यांना दिसलं. ते दचकले नाहीत. फोन तसाच मांडीवर ठेवून त्यांनी हात पुढे केला, ताटली घेतली आणि म्हणाले, "लिंबू विसरलीस?" लिंबू ताटलीच्या कडेलाच होतं, कांद्याखाली. तिने बोटाने कांदा बाजूला सारून ते दाखवलं, थर्मास फळीवर ठेवला आणि जशी चढली तशी पाठमोरी उतरली. पायरी मोजत. चार, तीन, दोन, एक, माती.

मातीवर उभी राहिल्यावर तिला कळलं की डोळे भरून येताहेत, आणि तिने आधी पदर ओठांवर दाबला. अश्रू खारट असतात. ओघळून ओठांत गेले तर नेम मोडला. तीन वर्षं तिच्या जिभेला मीठ लागलेलं नव्हतं. उन्हाळ्यात, घराबाहेर पाऊल टाकलं की अंगाचं पाणी पाणी व्हायचं, तेव्हाही वरच्या ओठावरचा घाम ती जिभेपर्यंत जाऊ द्यायची नाही. खांद्याशी एक सुती रुमाल टाचलेला असायचा. आमटीला, भाजीला मीठ घालण्याआधी ती आपल्यापुरतं काढून ठेवायची. चिन्मयी बंगळुरूहून ओरडायची, आई, हे अति होतंय, चक्कर येऊन पडशील. देवकी हसून विषय बदलायची. ज्या दिवशी ट्रकमधून ही बोट प्रतापनगरात आली आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढली, त्या दिवशी शरच्चंद्रांनी सगळ्या गल्लीसमोर, पेढ्याचा पुडा हातात धरून म्हटलं होतं, "बोट पाण्यात उतरली की पहिली सीट हिची. आमच्या बाईसाहेबांनी अजून समुद्र नाही बघितला!" गल्ली हसली होती. देवकीने मात्र आत जाऊन देवापुढे हात जोडले आणि मीठ सोडलं. समुद्राचं पाणी ओंजळीत घेईन, तुला अर्घ्य देईन, उरलेल्या थेंबाने जीभ ओली करीन, मग मीठ खाईन. नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं आहे. ब्लडप्रेशर तरी आटोक्यात राहील."

बाटलीत भरून आणीन. म्हणजे ती देवघरात गंगेच्या तांब्याशेजारी ठेवायची बाटली. प्लॅस्टिकची असेल. झाकण निळं. आणल्यावर ते म्हणतील, घे, खा आता मीठ.

ते हे वाईट मनाने म्हणाले नव्हते, हे तिला माहीत होतं, आणि तेच तिला गिळता येत नव्हतं. वाईट मनाने बोलायला माणसाने समोरच्याचा काही विचार केलेला असावा लागतो. ऑटोत ती ओकली होती ती एकदा. एकोणीसशे एक्क्याण्णव साली, धंतोलीच्या पुलाखाली, चिन्मयीच्या वेळचा चौथा महिना होता. त्या एका ओकारीवर त्यांनी पस्तीस वर्षं काढली. लग्नाला जायचं असो की शेगावला, "हिला विचारा, ही ओकते." चिन्मयी सहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याचं ठरलं होतं. तिकिटं निघाली होती. आदल्या दिवशी वीजकेंद्रातलं कुठलंसं यंत्र बंद पडलं आणि ते संध्याकाळी येऊन बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले, कॅन्सल. चिन्मयी गॉगल लावून, टोपी घालून पलंगावर बसली होती, कारण तिची तालीम चालली होती. "समुद्र काय पळून जातो का?" ते म्हणाले होते. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. समुद्र खरंच कुठे पळाला नाही. चिन्मयी कॉलेजच्या सहलीबरोबर जाऊन आली. सुमंतची म्हातारी आईसुद्धा जाऊन आली. देवकी देवघरातला शंख पुसता पुसता कधी कानाशी धरायची. एकदा त्यांनी पाहिलं आणि खुर्चीतून उठून समजावून सांगितलं की तो समुद्र नाही, तो खोलीतलाच आवाज आहे, पोकळीत घुमतो, बादली कानाला लावली तरी तेवढाच येईल. त्यांनी बादली आणूनही दाखवली. तेव्हापासून ती शंख पुसायची आणि जागेवर ठेवायची.

निवृत्तीनंतर त्यांच्या अंगात वारं भरलं. कारवारकडच्या कुणाची तरी जुनी शिडाची बोट, बावीस फुटी, प्लायवूडची, वरून फायबरचं आवरण, त्यांनी फोटो पाहून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, देशाच्या मधोमध बसलोय, कुठल्याही समुद्राला सारखंच अंतर, मग नागपूरहून निघायला लाज कसली! बोट मालवणात पाण्यात टाकायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचं, असा बेत. बोटवाल्यांच्या कुठल्याशा गटात त्यांनी वाचलं होतं की दुरुस्तीतच जीव काढणारी माणसं कधीच पाण्यावर जात नाहीत. जेवढं काम तेवढाच आनंद घेतला पाहिजे, तोही तयारीचाच भाग. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा केल्या. विषम तारखेला काम, सम तारखेला आराम. कामाच्या दिवशी ते घासत, तासत, इपॉक्सीचा गोंद कालवत, आणि देवकी खाली उभी राहून पॉलिश पेपर, फडकी, चहा देत असे. नाकात पांढरी भुकटी जाई, ती वेगळीच. आरामाच्या दिवशी ते बोटीत खुर्ची टाकून पाय कठड्यावर ठेवून बसत, निवृत्त मित्र गोळा होत, आणि चार पुरुष प्रतापनगरातल्या कोरड्या प्लॉटवर, डोलकाठी आडवी बांधलेल्या बोटीत बसून वाऱ्याच्या दिशेबद्दल वाद घालत. तेव्हा देवकी शिडीवरून चिवडा, संत्री, पुन्हा चहा नेत असे. त्या कॅलेंडरवर तिच्यासाठी तिसऱ्या रंगाची तारीख नव्हती. एकदा तिने गमतीने म्हटलं, अहो, माझी सम तारीख कोणती? ते म्हणाले, "तू तर सकाळी तीन तास देवापुढे आरामच करतेस की."

पण ती शिकली होती. तिला जायचं होतं ना. सुकाणू कसं धरतात, शीड कधी सैल सोडतात हे तिने त्यांच्या पुस्तकातून वाचून घेतलं. दोरीच्या अकरा गाठी तिने वातींच्या सुतावर बसवल्या. लक्षवातीच्या नेमासाठी ती रोज शंभर वाती वळायची, आणि वळता वळता उरलेल्या सुताची एखादी गाठ मारून, ओढून, सोडून पाहायची. त्यांना अजूनही दोन गाठी पुस्तक उघडल्याशिवाय जमत नव्हत्या. बोटीत डाव्या अंगाला एक अरुंद बाक होता, निजायचा. ती तिची जागा ठरली होती. त्या बाकासाठी तिने स्वतः गादी शिवली होती, जुन्या लुगड्यांची, पाण्याने जड होऊ नये म्हणून पातळ.

"चला बाईसाहेब," पोहे संपवून ते खाली आले. हात पुसता पुसता त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि उलटा धरला. "शेवटची फेरी. आज पास झालं की परवापासून रंग."

ही फेरी तिच्याशिवाय होत नसे. बोटीच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, तळहाताएवढ्या अंतरावर, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत. जिथे लाकूड धडधाकट तिथे टण् वाजतं, जिथे पाणी मुरलेलं तिथे बद्द. पहिल्या वर्षी त्यांनीच तिला हे समजावलं होतं: वरून फायबर तुकतुकीत दिसतं, आतलं प्लायवूड कुजून शेणासारखं झालेलं असतं, आणि भर समुद्रात एक लाट नेमकी तिथे बसली की बोट वहीसारखी उघडते. समजावून सांगताना त्यांनी दोन ठिकाणी ठोकून दाखवलं आणि म्हणाले, ऐक फरक. तिने ऐकला. त्यांनी ऐकला नव्हता. तीस वर्षं टर्बाइनशेजारी उभं राहून, कानातले बोळे म्हणजे बायकी थेरं म्हणून खिशात ठेवून, त्यांचे कान वरच्या सुरांना बंद झाले होते. पाखरू, कुकरची बारीक शिट्टी, तिचा आवाज. ते त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, डॉक्टरजवळही नाही. म्हणून तिला कधी 'तू ऐकून सांग' असं म्हटलं गेलं नाही. फक्त असं झालं की ठोकताना ते तिच्या तोंडाकडे पाहू लागले. तिने मान हलवली की पुढे जायचं, तिने तळहात उभा केला की खडूने गोल काढायचा आणि पुढच्या विषम तारखेला तिथलं लाकूड कोरून काढायचं. चातुर्मासात तिचं सकाळचं मौन असायचं, बारापर्यंत; त्यामुळे ही खुणांची भाषा कुणाला विचित्रही वाटली नाही. तीन वर्षांत तिने एकोणीस जागा दाखवल्या होत्या. मित्रांना ते सांगत, "माझा कान आहे बाप्पा, एक इंच सुटत नाही."

हा कान तिला आईने दिला होता. बुधवारी बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाशी मडकी यायची. आई पायांवर बसून एकेक मडकं कानाशी घेई, बोटाच्या पेराने टिचकी मारी आणि देवकीकडे देई. "हे हसतंय. हे कण्हतंय. कळलं?" बारीक चीर डोळ्यांना दिसत नसे, कुंभारालाही दिसत नसे. तो म्हणे, माय, तुम्ही कण्हणारी मडकी बाजूला ठेवता, मग मी ती विकू कोणाले? आई म्हणे, ज्याला ऐकू येत नाही त्याला. तेव्हा सगळे हसले होते. आता ते आठवून तिने नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं.

टण्. टण्. टण्. नाळेपासून ते मागे सरकत होते आणि ती बोटीच्या सावलीतून त्यांच्याबरोबर सरकत होती. मान हलवत. अंगणातली तुळस, तिच्यापुढची सकाळची रांगोळी, भिंतीवरचं उन्ह, सगळं जागच्या जागी होतं. सुमंत कोणत्या कुशीवर निजतो, असं तिच्या मनात आलं. सुमंत जाडा आहे. ती पातळ गादी त्याला पुरायची नाही. हे तिच्या गादीवर आपली चादर घालतील. टण्. टण्. चार गाठी तरी येतात का सुमंतला? टण्. ते डाव्या अंगाला आले, खाली वाकले, जिथे आतून बाक होता तिथे, पाण्याच्या रेषेच्या जरा खाली त्यांनी ठोकलं.

बद्द.

तिला वाटलं, कुणी मिटल्या तोंडाने हुंकार दिला. हा आवाज गेल्या वर्षी इथे नव्हता. या पावसाळ्यात ताडपत्री फाटली होती, तेव्हा आत साचलेलं पाणी मुरलं असणार. त्यांनी वर पाहिलं. भुवया उंचावलेल्या, ओठावर पोह्याचा एक पिवळा कण. तिचा हात पदराखाली होता. तळहात उभा करायचा तर आधी पदर बाजूला करावा लागला असता. मान हलायला काही करावं लागत नाही, सकाळपासून ती हलतच होती. ती हलली.

ते एक वीत पुढे सरकले. पुन्हा ठोकलं. बद्द. मान हलली. आणखी पुढे. टण्. मान हलली. मग काय वाटलं कोण जाणे, ते मागे आले. नेमके त्याच जागेवर, दोनदा, जोराने. "नक्की?" ते म्हणाले. मुठीवर बोट ठेवून थांबले. शेजारच्या गच्चीवर कुणी गादी झटकत होतं, तिचा आवाज लांबून येत राहिला. पहिल्या वेळची मान मी हलवली नाही, ती हलली, असं तिला स्वतःला सांगता आलं असतं. आता ते तिच्याकडे पाहत होते, तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारत होते, आणि तिला माहीत होतं ते काय विचारत आहेत. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. सावकाश, एकदा खाली आणि एकदा वर, तिने मान हलवली. ते खूश झाले. बोटीच्या पाठीवर त्यांनी म्हशीला थोपटावं तशी थाप दिली.

बारा वाजता मौन सुटलं की पहिला शब्द देवाच्या नावाचा बोलायचा, असा नेम. ती देवघरात जाऊन "श्रीराम" म्हणाली. दुसरा शब्द काय बोलायचा त्याला नियम नव्हता. ते हात धुऊन ताटावर बसले. तिने विचारलं, "गरम पोळी टाकू?" ते म्हणाले, "टाक. अगं हो, एक सांगायचं राहिलं, सुमंत येऊन राहिलाय. बाईमाणसाला इतके दिवस पाण्यावर... म्हणजे सोयीचं नाही ना ते. तुझ्यासाठी आठवणीने..." "ऐकलं मी," ती म्हणाली. मृदू आवाजात, जसा तिचा होता. त्यांना ऐकू आलं नाही. "काय?" ते म्हणाले. तिने पोळीवर तूप वाढलं.

पाच दिवस रंग चालला. निळा, वर पांढरी रेघ. ते शिट्टी वाजवत रोलर फिरवत आणि ती खाली उभी राहून थेंब पुसत असे. डाव्या अंगाची ती जागा पहिल्या हातात झाकली गेली, दुसऱ्या हातात तुकतुकीत झाली. तिसऱ्या दिवसापासून ती नुसत्या डोळ्यांनी तिला सापडेना, पण पाय बरोबर तिथेच येऊन थांबत. या दिवसांत ती त्यांच्याशी फार चांगली वागली. आरामाच्या दिवशी न सांगता साबुदाणावडे केले. रात्री त्यांच्या गुडघ्याला तेल चोळलं. प्रवासाच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, औषधांच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर वार लिहिला. देवासमोर ती रोजच्यासारखी बसे. पोथी उघडे, अध्याय वाचे. मी खोटं बोलले नाही, ती देवाला सांगे. मी बोललेच नाही. तुझ्यासाठीच तर मौन धरलं होतं. देव गप्प असे. त्याचं मौन बारा वाजताही सुटत नसे. एकादशीला नैवेद्याचा नारळ घेताना तिने सवयीने कानाशी धरून टिचकी मारली आणि दुकानदाराला तो परत दिला. दुसरा दिला. तिसरा दिला. "ताई, सगळे एकाच पोत्यातले आहेत," तो वैतागला. सगळे बद्द वाजत होते. तिने डोळे मिटून एक उचलला. घरी फोडला तर आत खोबरं पांढरंशुभ्र, गोड निघालं.

"ताई, साहेब सुमंतभाऊले घेऊन चालले म्हणते ना?" भांडी घासता घासता रुखमाबाईने विचारलं. रुखमाबाई अकरा वर्षांपासून घरात होती आणि पाठ करूनच बोलायची. "मंग तुमी तीन वर्सं बिनमिठाचं काहून खाल्लं वं माय? मले तं एक दिस जमत नाही. माह्या नवऱ्यानं असं केलं असतं तं म्या त्याच्या होडीले भोक पाडलं असतं, सांगते तुमाले!" ती स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली, हातातली कढई हिंदकळली. देवकीही हसली. हसताना तिला आपला आवाज ऐकू आला आणि तिने तो मधेच थांबवला. "काही काय बोलतेस, रुखमा," ती म्हणाली. "सणासुदीचं."

तिला ते बुडायला नको होते. हे तिने नीट तपासून पाहिलं, तांदळातला खडा पाहावा तसं बोटाने बाजूला काढून. ते पाण्यात हातपाय मारताहेत, असं चित्र तिच्या मनात येतच नव्हतं. येत होतं ते एवढंच: सगळीकडे पाणी आहे, सुमंत तिच्या गादीवर निजलाय, आणि ते अंधारात बाकाखाली ठोकून पाहताहेत. ठोकताहेत आणि वर बघताहेत. मान हलवणारं कुणी नाही. मग त्यांना कळेल की आपल्याला ऐकू येत नाही. एवढंच. त्यापुढे तिचं मन जात नसे. त्यापुढे ते गेलं की ती उठून कशाला तरी फडकं लावू लागे. बोट मालवणला न्यायचा ट्रक पौर्णिमेचा ठरला होता. अजून सांगता येईल, ती स्वतःला सांगे, अजून चार दिवस आहेत, अजून तीन. कार्तिकी झाली, चातुर्मास संपला, मौन संपलं. आता सकाळीही ती बोलू शकत होती. सकाळी उठून ती बोललीही. "दूध आलंय," म्हणाली.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी अंगणात ऊस बांधून झाले, चिंचा-आवळे मांडून झाले, आणि ती अंतरपाट धरायला कुणाला तरी हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर सुमंतचा आवाज आला, पडेल. "शरद, तू शिव्या घाल, पण मला जमत नाही गा. पाय मुरगळला. प्लॅस्टर सांगितलंय, सहा आठवडे." शरच्चंद्रांनी शिव्या घातल्या. मग पलीकडचा फोन बंद झाल्यावरही थोड्या घातल्या. मग अंगणात येऊन पायऱ्यांवर बसले. उसाच्या मांडवाखाली समई तेवत होती. नव्या रंगाची बोट प्लॉटवर संध्याकाळच्या उजेडात निळी दिसत होती, आणि ते तिच्याकडे असे पाहत राहिले की देवकीला त्यांची गॉगल घालून पलंगावर बसलेली चिन्मयी झाल्यासारखी वाटली. तिच्या घशाशी शब्द आले. आत्ता. आत्ता सांगितलं तर तसंही कुणाचं काही जात नाही. सुमंत येत नाही, ट्रक पुढे ढकलता येतो, जागा कोरून काढता येते. डाव्या बाजूला, बाकाखाली, दोन वीत. पाचच शब्द होते. "अहो," ती म्हणाली.

"चल मग," ते म्हणाले. त्यांनी तिचा 'अहो' ऐकला नव्हता. ते बोटीकडेच पाहत होते. "तूच चल. दोघं लागतातच, एकट्याचं काम नाही ते. ओकलीस तर ओकलीस, समुद्र काय भरून जाणार आहे!" आपल्याच विनोदावर ते जरासे हसले आणि मग, लग्नानंतर कधी झाला नव्हता इतका त्यांचा आवाज खाली आला. "तुझं ते मिठाचंही आहे ना. खरंच, तीन वर्षं. बाटलीत आणण्यापेक्षा तूच ओंजळ भरून घे." त्यांनी वळून पाहिलं. उत्तराची वाट पाहत. तिच्या तोंडाकडे, जसे बोट ठोकताना पाहत तसे.

तिला समुद्र दिसला. आयुष्यात पाहिला नव्हता तरी दिसला. अंगणापासून सुरू होऊन तो कुठे संपतच नव्हता. त्यातलं पाणी तिच्या ओंजळीत होतं, जिभेपासून टीचभर. आणि आता जर ती बोलली, तर ट्रक जाणार नाही, सीझन निघून जाईल, पुढच्या वर्षी, समुद्र काय पळून जातो का. आणि ते विचारतील, रंगाच्या आधी विचारलं होतं तेव्हा मान का हलवलीस? दोनदा ठोकून विचारलं होतं. ते पुन्हा कधी तिच्या तोंडाकडे बघणार नाहीत. पळभर तिला हेही कळेना की यातलं कुठलं आपल्याला जास्त नको आहे. जीभ टाळूला कोरडी चिकटली होती, अळणी. मालवण ते कोची. कदाचित टिकेल. दोन वीत म्हणजे काही फार नाही. कदाचित लाट दुसरीकडे बसेल. माणसाने देवावर विश्वास ठेवावा.

"येते," ती म्हणाली.

त्यांना तेवढं ऐकू आलं. किंवा ओठांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः सामान चढवायला गेली. देवांचा लहान डबा, वातींची पिशवी, पोथी रेशमी फडक्यात गुंडाळून. मिठाची पुडी तिने त्यांच्यासाठी वेगळी बांधली होती, तीही. अरुंद बाकावर तिने आपली गादी अंथरली आणि माप घ्यायला आडवी झाली, डाव्या कुशीवर. रंगाचा वास अजून ताजा होता. खाली लोखंडी घोडे होते, त्याखाली प्रतापनगरची माती, तरी अंगाखाली काही तरी हलल्यासारखं तिला वाटलं. तिने हात खाली सोडला आणि बोटाच्या पेराने फळीवर, आई मडक्यावर मारायची तशी, अगदी हलकी टिचकी मारली. मग कान लावून थोडा वेळ तशीच पडून राहिली.

"कसं आहे?" खालून शरच्चंद्र ओरडले. "जमेल ना नीट?"

तिने ओठ पदराने पुसले.

"ठीक आहे," ती म्हणाली. आणि त्यांना ऐकू जावं म्हणून, आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवून, पुन्हा एकदा म्हणाली, "अगदी ठीक आहे."